चुडामण देवरे यांचे रावेरचे दोन अहवाल

चुडामण देवरे मूळचे धुळ्याजवळच्या सोनगीरचे. १९९१ ते १९९७ या काळात ते जळगावातल्या एका कंपनीत संगणक दुरुस्तीचे काम पाहत. त्या कामाला कंपनीत ते एकटेच होते. पूर्वेला रावेर आणि पश्चिमेला साक्री एवढा मुलूख त्यांनी एसटीने सांभाळला. लग्न केले नाही. सहा वर्षे ज्यांच्याकडे भाड्याने राहिले, त्या घरमालकांना त्यांचे नाव आठवले नाही. "पेटी घेऊन जायचे ते," एवढेच त्यांनी सांगितले.

प्रत्येक भेटीनंतर देवरे दोष, कारण आणि उपाय असा अहवाल लिहीत. त्याखाली ग्राहकाच्या सहीचा चौकोन असे. या अहवालांच्या दोनशे सोळा कार्बन प्रती शिल्लक आहेत. त्यांत १९९४च्या रावेरच्या दोन प्रती एकमेकींना खोटे पाडतात. पुढची हकिगत या दोन प्रतींवरून, संघाच्या दप्तरावरून आणि देवरे यांनी नंतर सांगितले त्यावरून जुळवली आहे.

रावेरला केळी उत्पादकांचा एक संघ होता. त्याच्या कचेरीत आठ मशीन होती, पण त्यांपैकी एकातही हार्ड डिस्क नव्हती. सुरू केले की मशीन वायरीतून कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारी आणि सुरू व्हायला लागणारी सगळी आज्ञावली त्याच्याकडून मागून घेई. ठरावीक वेळात उत्तर आले नाही, तर सर्व्हर सापडत नसल्याची इंग्रजी ओळ पडद्यावर दाखवून ते जागीच गोठे. मशीन चालू नाही तर केळी भरल्याची पावती नाही, आणि पावतीवाचून दिल्लीकडचा ट्रक फाटकाबाहेर पडत नसे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर आठही मशीन सकाळी सुरू होईनाशी झाली. देवरे पहिल्यांदा गेले ते ऑक्टोबरात. अहवालात पोहोचल्याची वेळ अकरा दहा आहे. त्यांना स्वतःला मात्र बारा वाजून गेल्याचे आठवते. वेळ कोणतीही धरली, तरी ते पोहोचले तेव्हा सगळी मशीन व्यवस्थित चालू होती.

"तुम्हाला पाहून भ्यायली वाटतं," संघाचे सचिव रुपचंदआबा नारखेडे म्हणाले.

"सकाळी काय होतं, आबा?"

"काही होत नाही, तेच तर रडगाणं आहे. दहा वेळा बंद-चालू करा, मग दुपारकडे येतात एकेक."

"दसऱ्याच्या आधी आणि आता, काही बदललं का?"

"काहीच नाही."

देवरे यांनी टेबलांखाली वाकून वायर तपासली. तिसऱ्या टेबलाशी एक जोड सैल होता आणि फरशी ओली होती. इथे पोछा कोण मारते, असे त्यांनी विचारले. तोताराम नावाच्या कारकुनाने बेबाबाई तायडे यांचे नाव सांगितले. बेबाबाई तेव्हा दाराबाहेर पोछा पिळत होत्या. देवरे यांनी जोड घट्ट केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: 'साफसफाई करताना वायर ओढली जाते.' रुपचंदआबांनी सही केली. सकाळी मशीन सुरू होताना पाहायला देवरे मुक्कामी राहिले नाहीत; त्यांनी परतीची बस पकडली.

चौथ्या दिवशी संघाने बेबाबाईंना कामावरून कमी केले. मस्टरवर शेऱ्याच्या जागी एकच शब्द आहे: 'हलगर्जी'.

मशीन तरीही सुरू होईनात. दिवाळीनंतर देवरे पुन्हा निघाले. यावेळी ते आदल्या दिवशी रावेरला पोहोचून धर्मशाळेत राहिले आणि पावणेनऊलाच कचेरीत जाऊन बसले. बेबाबाईंना काढल्याचे त्यांना तोतारामने सांगितले.

"का?"

"तुम्हीच लिहून दिलं ना."

 

नऊला रुपचंदआबा आले. चपला दाराशी काढून त्यांनी सर्व्हरपुढे उदबत्ती लावली, वरच्या गणपतीला हात जोडले आणि भिंतीवरचा मोठा खटका वर केला. सर्व्हर आणि आठ मशीन एकदमच सुरू झाली. मिनिटभरात आठही पडद्यांवर तीच ओळ आली. सर्व्हरची अजून स्वतःचीच तपासणी चालू होती; त्याला तयार व्हायला सात मिनिटे लागत. हाक ऐकायला पलीकडे कुणी नव्हते.

"पाहा," आबा म्हणाले आणि मोठा खटका खाली करून पुन्हा वर केला. त्यासरशी सर्व्हरही बंद पडला. असा अचानक बंद केला की पुढच्या वेळी तो आणखी वेळ घेई.

"आबा, हा खटका रोज तुम्हीच लावता?"

"खंडेनवमीपासून. यंत्राची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर झाडूच्या हातानं सुरू करणं बरं दिसत नाही."

"म्हणजे आधी?"

उत्तर तोतारामने दिले. साडेसातला झाडायला आली की बेबाबाईच सर्व्हर सुरू करी. मशीन बसवणाऱ्याने तिला तेवढे बटण दाखवून ठेवले होते. कारकून येईपर्यंत सर्व्हरला दीड तास मिळे.

देवरे यांनी त्यानंतर फक्त सर्व्हर चालू केला आणि घड्याळ पाहत दहा मिनिटे थांबले. मग एकेक करून आठही मशीन लावली. आठही पहिल्याच हाकेला सुरू झाली. कारकुनांपैकी कुणीतरी टाळी वाजवली.

दुसरा अहवाल त्यांनी तिथेच लिहिला: 'सर्व्हर आधी सुरू करावा, दहा मिनिटांनी मशीन. मागील अहवालातील कारण चूक. सौ. बेबाबाई तायडे यांचा दोष नव्हता. त्यांच्यामुळेच यंत्रणा चालत होती. चूक माझी.'

रुपचंदआबांनी तो दोनदा वाचला.

"पहिली ओळ ठेवा. बाकीचं खोडा."

"बाकीचंही खरं आहे, आबा."

"खरं असेल. पण यावर सही केली, तर मी तिला उगीच काढली असं होतं." त्यांनी कागद परत सरकवला. "तुमच्या धुळ्याकडची 'शे शे'वाली अहिराणी मशीनला कळते, एवढं आज दिसलं. आता बसा, चहा घ्या."

देवरे चहाला थांबले नाहीत. पत्ता विचारत ते बेबाबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी देवरे यांना ओळखले, पण सूप खाली ठेवले नाही.

"अक्का, मी लिहिलेलं चूक होतं. आज खरं लिहिलंय. वाचून दाखवू?"

"मले काय वाचून दाखवता? आबाले दाखवा."

"दाखवलं. सही करत नाहीत."

"मंग?"

 देवरे यांनी सगळा कागद वाचून दाखवला. स्वतःचे नाव आले तिथे बेबाबाईंचा हात थांबला.

"त्या दिवशी मी दारातच होती, भाऊ. सगळ्यायले इचारलं तुमी. मलेच काऊन नाही इचारलं?"

"सुचलं नाही, अक्का."

"इचारलं असतं त सांगितलं असतं. मोठी पेटी पहिले उठते, मंग तिचे लेकरं." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "आबा मले बलावतील?"

"नाही वाटत."

"तुमी तरी खोटं नाही बोलले." त्यांनी हात पदराला पुसले. "द्या इकडे. सही येते मले. रात्रीच्या शाळेत शिकली."

ग्राहकाच्या सहीच्या चौकोनात, रेषेच्या बरेच खाली घसरत गेलेली, 'बेबाबाई सुपडू तायडे' अशी सही आहे. कार्बनमधून ती खालच्या प्रतीतही ठळक उठली आहे; पेन दाबून धरले असावे.

कंपनीने हा अहवाल मान्य केला नाही. योग्य सही आणा, असे देवरे यांना सांगण्यात आले. ते गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या वसुली पाहणाऱ्या माणसाने रुपचंदआबांच्या सहीचा कागद आणला. त्यात उपाय म्हणून 'वायर बदलली' असे आहे. वायर विकत घेतल्याची नोंद संघाच्या दप्तरात सापडत नाही. बेबाबाईंचे नावही मस्टरवर पुन्हा आलेले नाही.

कंपनीने नाकारलेला तो कागद देवरे यांनी तिथे जमा केला नाही. बाकी सगळ्या अहवालांच्या फक्त कार्बन प्रती राहिल्या. या एकाचा वरचा कागदही त्यांच्याच पेटीत होता. तो कुणाला दाखवला होता का, असे विचारले तेव्हा ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "कोणले दाखाडू? मना बठ्ठा दिवस एसटीमाच जाये."