वाढप्याचं पान

पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे आमच्या शहरात आता गल्लोगल्ली सापडतील, पण डेटाबेसला पंगत समजणारा माणूस माझ्या धाकट्या मेहुण्याखेरीज अख्ख्या मराठवाड्याने दुसरा जन्माला घातलेला नाही. मूळचा वैजापूरचा, नोकरी इथल्या उस्मानपुरा भागातल्या एका छोट्या कंपनीत. गावाकडच्या लग्नांत तो हौसेने वाढायला उभा राही, आणि त्याच्या तावडीतून अर्धपोटी उठलेला माणूस मी पाहिलेला नाही. नावाने हाक, भरपूर आग्रह, मगच पुढचं पान. हीच खोड त्याने संगणकात नेली. डेटाबेसातली एकेक नोंद पायथनमध्ये जिवंत ऑब्जेक्ट होऊन लूपमध्ये, म्हणजे ओळीने एकामागून एक, समोर येते, याचं त्याला कोण अप्रूप! "दाजी, ह्यो नुसता आकडा नाय. ह्याला नाव हाय, गल्ली हाय, इचारलं की बोलतंय," असं तो मला सांगे. त्यावर माझी बायको म्हणे, "मंग त्यालाच इचार, तुझं लगीन कधी हाय."

ती दुष्काळाची वर्षं. पाऊस आटला होता, शहर मात्र फुगत चाललं होतं. कडेच्या आमच्या वसाहतीला नळ नव्हता. सगळी भिस्त टँकरवर. टँकर निघण्याआधी घरोघरी मोबाइलवर निरोप जाई, तो प्रोग्रॅम मेहुण्याच्या कंपनीचा. घरांच्या नोंदी त्याने स्वतः दारोदार फिरून घेतलेल्या. निरोप नसला की लोक ड्रम घेऊन बाहेर येत नसत आणि टँकरवाला कुणासाठी थांबत नसे. घरं वाढत गेली आणि एका सकाळी प्रोग्रॅम जागच्या जागी ठप्प झाला. त्या दिवशीचं पाणी हुकलं असतं, तर पुढल्या आठवड्यापर्यंत वसाहत कोरडी. वसाहतीचा सचिव म्हणून मी धावत त्याच्या ऑफिसात गेलो. सहकाऱ्याने लिहिलेला लूप बघून त्याने कपाळावर हात मारला. "आरं देवा! सगळं गाव एकदमच सैपाकघरात घेतलंय, आन् दर पानाला मीठ आणाया कोठीत पळायलेत!" म्हणजे सगळी घरं एकाच वेळी मेमरीत कोंबलेली, आणि प्रत्येक घराचा टँकर कोणता हे विचारायला डेटाबेसकडे वेगळी खेप. त्याने घरं पंगतीपंगतीने बोलावली, प्रत्येकाचा टँकर सोबतच मागवून घेतला आणि बटण दाबलं. माझा फोन वाजला. मग फोनवर फोन, "सचिवसाहेब, आला निरोप!" मी वसाहतीत पोचेपर्यंत दारोदार ड्रमांची रांग लागली होती, टँकर कोपऱ्यावर वळत होता आणि बायका अक्षरशः टाळ्या वाजवत होत्या. एकही घर सुटलं नाही. मला तर त्याला खांद्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी स्वारी आमच्या दारात उभी. हातात रिकामी बादली.

"ताई, पाणी हाय का गं थोडं?"

"आरं, मागच्याच गल्लीत तर राहतोस. तुझ्या खोलीला टँकर नाय आला?"

तो ओशाळून हसला. "परवाच खोली बदलली, ती नवी घालायचीच राहिली त्यात. वाढायच्या नादात सोताचं पान मांडाया इसरलो."

बायको हसता हसता रडली. मी बादली भरून त्याच्या हातात दिली.

पुढे नळ आला, प्रोग्रॅम बंद पडला आणि मेहुणा मोठ्या नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याच्यावाचून घर सुनं वाटतं. नळाला पाणी आलं की बायको अजूनही पहिली बादली भरून दाराशी ठेवते, आणि ती उचलायला मलाही धीर होत नाही.