मोटर अण्णांचं ‘सुम्ने’

पाण्याच्या मोटरीची तब्येत मोटर अण्णा कानाने बघत. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मध्येच कोणी बोललं, तर डोळे न उघडता म्हणत, “स्वल्प थांबा, ती बोलतेय.” मग निकाल सांगत आणि त्याच दिवशी बेअरिंग बदलून घेत. काढलेलं बेअरिंग हातात फिरवलं की खरंच खरखरायचं.

मला या माणसाचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको.

पुण्यात मी एका सरकारी कचेरीत अधीक्षक होतो. माझ्या सहीवाचून कागद हलत नसे. निवृत्तीनंतर मुलाकडे बेंगळुरूत व्हाइटफील्डला आलो आणि ‘बी ब्लॉकमधल्या आर्यनचे आजोबा’ झालो. सकाळी मुलगा आणि सून ऑफिसच्या कॅबमध्ये, नातू शाळेच्या बसमध्ये आणि मी पंपरूमसमोरच्या बाकावर. समोर अण्णा. वय बहात्तर, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं, पण घरात मराठी टिकवलेली. मोटरींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीत लागले, त्यालाही बारा वर्षं झाली होती. के. आर. पुरमहून बसने यायचे, तेही इस्त्रीचा शर्ट घालून.

दिवसभर त्यांचा फोन वाजायचा. “अण्णा, नळाला पाणी नाही.” “अण्णा, टँकर आला.” माझा फोन वाजायचा तो क्रेडिट कार्ड हवं का विचारणाऱ्या मुलीचा. ती मला सर म्हणायची, म्हणून मी लवकर ठेवत नसे.

एकदा न राहवून विचारलं, “अण्णा, या वयात कशासाठी एवढी यातायात?”

अण्णा हसून म्हणाले, “सुम्ने, सर.” आणि आत गेले.

मी ऐकलं ते ‘सुमनने’. त्यांच्या बोलीत त्याचं ‘सुम्ने’ होत असणार, असं मीच ठरवलं. म्हणजे सुमनने धाडलं. बायकोच घरी बसू देत नाही बिचाऱ्याला! त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. पुढे चार-सहा महिने मी त्यांची मनापासून कीव करत होतो. हेव्यापेक्षा कीव करणं पुष्कळ बरं, झोप तरी नीट लागते.

मग एकदा मोठ्या आपुलकीने विचारलं, “सुमनताई बऱ्या आहेत ना?”

“कोण की, सर?” अण्णांनी मागे वळून पाहिलं. “आमच्या घरातलीचं नाव पार्वती.”

घरी हा किस्सा सांगितला तर आमची ही हसून हसून खुर्चीत बसली. भाजीवालीशी बोलून बोलून हिला कानडी बऱ्यापैकी यायला लागलं होतं. “अहो, सुम्ने म्हणजे उगीच. नाहीतर सहज. जसं बोलणं असेल तसं. वॉचमन रोज तुम्हाला विचारतो ना, ‘सुम्ने कूतिद्दीरा, सार?’ म्हणजे उगीच बसलात का.”

मी त्या वॉचमनला रोज मान हलवून “हो हो” म्हणत होतो.

म्हणजे मी बाकावर बसायचो ते उगीच, आणि अण्णा काम करायचे ते सहज. शब्द एकच, पण त्यातला बरा अर्थ त्यांनी घेतला होता. त्यानंतर आठवडाभर मी बाक सोडून जिन्याच्या पायरीवर बसत होतो.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. तीन नंबरच्या मोटरीवर अण्णा खूप वेळ कान देऊन उभे होते. डोळे उघडून त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे केला. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. “सर, तुम्ही ऐका स्वल्प. हाताला हादरा लागतोय, कानाला काय नाही.”

मी मूठ कानाला लावली. घरघरीच्या आत स्वच्छ कट्‌कट् येत होती. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलो, “येतेय की! कट्‌कट् येतेय. तुम्हाला नाही ऐकू येत?”

शेवटचा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. उत्तर मला ठाऊक होतं. मी मुद्दाम विचारला.

“सरी, सर,” अण्णा म्हणाले, म्हणजे ठीक आहे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला, बेअरिंग बदलून घेतलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं की एक तारखेपासून दुसरा माणूस बघा. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. मला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी कॅलेंडरने उठवलं होतं आणि मी अजून त्याचा राग धरून होतो. अण्णा आपले आपण उठले. मला त्याचाही हेवा वाटला, आणि त्या प्रश्नाची लाजही.

शेवटच्या दिवशी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच, “आता घरी काय करणार?”

“सुम्ने बसणार, सर,” अण्णा म्हणाले. आवाज तोच, हसणंही तेच. मग बस आली.

नवा माणूस भिंतीवरच्या पॅनेलचे दिवे बघून मोटर सांभाळतो. स्क्रूड्रायव्हर खिळ्याला तसाच टांगलेला आहे. सकाळी आसपास कोणी नसलं की मी तो काढतो, बेअरिंगवर टेकवतो, डोळे मिटतो. काल वॉचमनने पाहिलंच. “याके, सार?” का म्हणून विचारत होता.

अण्णांचा तो शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मी म्हणालो, “मोटर तपासतोय.”