पायाळूची टाच

हे मी कोणाला सांगितलं न्हाई. पोराला न्हाई, पारावरच्या माणसांना न्हाई. देवाला ठाऊक असंल — पण माझ्या तोंडून न्हाई. चौथी शिकलेला म्हातारा मी, अक्षर वाकडंतिकडं येतं. तरी लिहून राहिलो.

मी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आलेला. आमच्या देगलूरच्या भागात अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते म्हणतात. दुखणेकऱ्यानं उंबऱ्यात पालथं पडायचं, मी डावी टाच ठेवायची. बिलोलीहून, नायगावहून माणसं यायची, मान द्यायची. दुसरं काय होतं माझ्यापाशी मान देण्यासारखं?

आन माझ्याच बायकोची, कमळची, कंबर गेली.

नांदेडच्या डॉक्टरनं फोटो बघितला. मणक्यातली गादी झिजून जरा बाहेर आली म्हणाले. गोळ्या, शेक, पट्टा, रोजचा व्यायाम. "बहुतेकांना एवढ्यानंच आराम पडतो, दम धरा. दाबणं, तुडवणं काही करायचं नाही. पाय बधिर झाला तर मात्र लगेच या." पोरगा दत्ता लातूरला असतो, त्यानं लेझरनं गादी बसवतात का ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, गादी थोडी फुगलेली असली तर काही जण करतात, पण हिला आत्ता त्याची बी गरज न्हाई.

आन तिला उतार पडत होता. सतरंजीवर पडून पाय वर करायची, मी बघितलं की लाजायची. "हसू नका हो, म्हातारपणी शाळा लागली मला." बरी होत होती ती — हे ध्यानात ठेवा.

मग हाटेलात चहा पिताना लिंगाप्पा दुकानदार बोलला, "काय किसनराव, गावाच्या कमरा तुमच्या टाचेखाली, आन वहिनीची नांदेडला? घरात चलंना व्हय पाय?" सगळे हसले. मी बी हसलो. पण घरी गेलो तो पेटूनच गेलो.

"डॉक्टरनं नको म्हणलंय न्हवं?" ती म्हणाली. मी म्हणलो, डॉक्टर पायाळू हाय का? ती उंबऱ्यात पालथी पडली. विश्वासानं पडली, का मला भिऊन? मी कधी विचारलं न्हाई. दुसऱ्याच्या कमरेवर मी हलका पाय ठेवायचो. तिच्यावर — सगळं अंग टाकलं.

ती ओरडली न्हाई. उठायला गेली तर उजवं पाऊल लोळतंय.

नांदेडला डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी म्हणलो — हंडा उचलला तिनं. ती तिथंच, स्ट्रेचरवर. माझ्याकडं बघितलं आन म्हणाली, "हाव. हंडा उचलला."

दत्तानं पुन्हा लेझरचं काढलं. डॉक्टर म्हणाले, गादीचा तुकडा सुटून नस दाबली, आता ते काम लेझरचं न्हाई, ऑपरेशनच. केलं. कळ थांबली. पाऊल काही उठलं न्हाई.

त्यानंतर दत्ता तिला रागं भरायचा, पाहुण्यांपुढं सुद्धा. "एका हंड्यापायी, आई! ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?" मी तिथंच बसलेला असायचो, सुपारी कातरत. ती पदर सारखा करून म्हणायची, "चुकलं बाबा." किती येळा म्हणली असंल? आन मी एकदा तरी —? न्हाई. एकदा बी न्हाई. आम्ही दोघंच असलो तरी तिनं तो विषय काढला न्हाई. काढला असता तर मी उलट भांडलो असतो. तसाच हाय मी.

यंदा ती तापानं गेली. शेवटपर्यंत पाऊल ओढत. पोराच्या लेखी अजून बी हंड्याचीच चूक हाय.

तेराव्याची जेवणं झाली आन नायगावचा एक पाहुणा कमरेला हात लावून आला. "मामा, उसण भरली, जरा पाय लावा की." न्हाई म्हणलो असतो, तर का न्हाई ते सांगावं लागलं असतं. दत्ता बाजूलाच उभा होता.

पाहुणा त्याच उंबऱ्यात पालथा पडला. मी डावा पाय उचलला.