अंगणातली हिरवी बॅग

नलिनी दाते मूळची सांगलीची. चंदीगडात नर्सिंग कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात जगावर संशय घ्यायची. पंजाबात दहशतवाद माजून ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब फुटू लागल्यापासून तर ती ताकसुद्धा फुंकून पीत होती. दूधवाल्याची किटलीही ती आधी लांबूनच न्याहाळायची.

दर आठवड्याला ती विद्यार्थिनींना अटावा गावात घरोघर न्यायची. तिची शिस्त कडक होती. अंगणात वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर कॉलेजची हिरवी बॅग ठेवायची, बाहेरच्या खिशातला साबण घेऊन आधी हात धुवून यायचे. तोवर बॅग उघडायची नाही.

गल्लीच्या टोकाचं घर मात्र तिला खटकायचं. सून बाळंत झाल्याचं दाईनेच सांगितलं होतं, पण सासू गुरनाम कौर दारातूनच म्हणायची, "बहू मायके गई है जी." मागची खोली कायम बंद, आणि जेवणाचं ताट मात्र आत जायचं. कुणीतरी फरारी पोरगा लपवलाय, अशी नलिनीची खात्रीच झाली.

"अंगणातूनच चौकशी करायची. आत पाऊल टाकायचं नाही," तिने लीना या विद्यार्थिनीला बजावलं.

"पक्का, मॅडम," लीना म्हणाली. घर मराठी असलं तरी पोरगी उत्तर हिंदीतच द्यायची.

पुढच्या आठवड्यात लीनाने शिकवल्याबरहुकूम त्या घराच्या अंगणात बॅग ठेवली आणि ती गल्लीतल्या हातपंपावर गेली. सासू गच्चीवरून उतरते तो अंगणात बेवारस बॅग. "बम!" म्हणत तिने धूम ठोकली आणि तिच्यामागे सगळी गल्ली पळाली.

नलिनी शेजारच्या घरातून धावत आली. "हमारी बैग है," ती सांगत राहिली.

"तुम्हारी ही होगी," एक म्हातारा म्हणाला आणि आणखी मागे सरकला.

बॅग उचलायला ती एकटीच आत शिरली. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. दारातून दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बाहेर सरकलं, मागे त्याला ढकलणारा एक हात. 'बम' ऐकूनही आईला उठता येत नव्हतं, म्हणून तिने निदान बाळ तरी बाहेर लोटलं होतं.

सून तापाने फणफणली होती. अंथरुणाला घाण वास येत होता. बाळंतपणातला जंतुसंसर्ग अंगभर पसरला होता, आणि नलिनी आठवड्यापूर्वी याच अंगणातून परत गेली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

लीना रिक्षा घेऊन आली. सासूही परतली आणि सुनेचे पाय धरून रडू लागली. तिच्या मुलाला पोलिसांनी उचललं होतं, सुनेलाही नेतील म्हणून तिने तिला लपवलं होतं. "तुम दरवाज़े से पूछती थीं, घर में कौन-कौन है. बैग बंद. मैंने समझा, पुलिस ने भेजा है."

नलिनीने बॅग उघडून तिच्यापुढे धरली. थर्मामीटर, कापूस, कात्री, औषधाच्या बाटल्या.

"पहले दिन खोल देतीं, जी," सासू म्हणाली. "मैं भी दरवाज़ा खोल देती."

सुनेचं डोकं मांडीवर घेऊन नलिनी रिक्षात बसली. ती वाचेल की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं.