पोरीचं ‘न्हाई’ कुणी घेतलं

बीडमध्ये जर्मन शिकवणाऱ्या एका सरांनी माझ्या मुलीला फसवलं. पैशात नाही फसवलं. शिकवलं, परीक्षा पास करवून घेतली, विमानात बसवलं. तिथपर्यंतचा सौदा चोख होता. फसवणूक वेगळीच आहे आणि ती वरून दिसत नाही. मलाही दिसली नाही, आणि मी शेळीचा जबडा उघडून तिचं वय सांगणारा माणूस आहे.

आम्ही मेंढरामागचे लोक. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली आणि मालकानं दोन शब्द सुनावले की खाली मान घालून ‘हो जी’ म्हणत राहिला. त्या ‘हो जी’चा मला इतका संताप यायचा की मी मेंढरामागं गेलोच नाही. कडा गावच्या जनावरांच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. एक लंगडी शेळी घेतली, तिचा पाय बरा केला, विकली. तिथून वाढत वाढत शेळ्यांचा धंदा झाला. शिरूरला आज माझा गोठा आहे, पिकअप आहे. तापट म्हणून माझं नाव आहे, पण खोटा म्हणून नाही.

मुलगी लहान असताना माझ्याबरोबर बाजारात यायची. मी तिला शिकवलं ते एकच. कळलं नाही तर न्हाई म्हणायचं, पटलं नाही तर न्हाई म्हणायचं, आणि पटलं तरी आधी न्हाईच म्हणायचं. ती हे इतकं शिकली की घरात भाजी कुठली करायची यावरसुद्धा आईशी सौदा करायची. पुढं ती नर्स झाली. बीडच्या दवाखान्यात एका मोठ्या डॉक्टरांनी घाईघाईत काहीतरी सांगितलं, तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, कळलं नाही सर, परत सांगा. डॉक्टर चिडले, पण त्यांनी परत सांगितलं. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं तेव्हा मी लिलाव जिंकल्यासारखा हसलो होतो.

मग जर्मनीचं निघालं. तिकडं म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला नर्स लागतात, भाषा आली की नोकरी पक्की, असं तिच्या दवाखान्यातल्या मुली म्हणत होत्या. सरांचा क्लास बसस्टँडच्या बाजूला, मोबाइलच्या दुकानावर. सर स्वतः तिकडं राहून आलेले. आईच्या आजारपणासाठी एवढी नोकरी सोडून परत आले, असं सगळे मोठ्या आदरानं सांगायचे. मलाही आदर वाटला.

सुट्टीला ती घरी आली की गोठ्यात सराव चालायचा. मी बाजेवर आडवा पडून जर्मन म्हातारा व्हायचो आणि ती माझी नाडी धरून जर्मनमध्ये विचारायची, कुठं दुखतंय. मी कण्हायचो. ती म्हणायची, “आप्पा, जर्मनमध्ये कण्हा की.” आकडे मी तिच्याआधी शिकलो, आकड्यात मी मागं राहणार नव्हतोच. आणखी एक वाक्य मला पाठ झालं, कारण ते तिनं पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं आणि शेळ्यांना चारा टाकतानाही म्हणत असायची. त्याचा अर्थ, मला कळलं नाही. मला ते वाक्य आवडायचं. म्हटलं, परक्या बाजारात हेच कामाला येईल.

मुलाखत जवळ आली तशी हे वाक्य तिच्या बोलण्यातून नाहीसं व्हायला लागलं. मी विचारलं तर म्हणाली, सर नको म्हणतात. मी एकदा बीडला गेलो होतो तेव्हा क्लासवर डोकावलो. सरांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या मुलीची तारीफ केली. मग म्हणाले, “फक्त एक खोड हाय मामा. सारखं विचारती. कळलं न्हाई, कळलं न्हाई. तिकडल्या मॅडमला वाटंल हिला काय येतच न्हाई. मी पोरींना सांगतो, न कळलं तरी हसायचं आन् ‘या, या’ म्हणायचं. म्हणजे ‘हो, हो’. पुढचं तिथं गेल्यावर जमतंय आपोआप.”

दुसऱ्याच्या बाजारात जाऊन आपण भाव सांगू नये, अशी आमची रीत. चहा पिऊन उठलो.

मुलाखतीत ती हसली आणि ‘या, या’ म्हणाली. पास झाली. आम्ही तिला सोडायला मांजरसुंब्यापर्यंत गेलो. पुढं मुंबईपर्यंत तिच्याबरोबर क्लासच्या दुसऱ्या मुली होत्या. धाब्यावर जेवलो. तिची आई ताटातली भाकरी चिवडत होती आणि मुलगी तिला समजावत होती की तिकडं भाकरीसारखाच काळा पाव असतो. गाडी सुटताना मी तिला म्हटलं, कुणाला भिऊ नको माय. ती म्हणाली, न्हाई भीत. तिच्या तोंडचं ते शेवटचं ‘न्हाई’ मी ऐकलं असेल. तेव्हा ते नुसतं ऐकलं, धरून ठेवलं नाही.

तिकडं एका लहानशा गावातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात तिला काम मिळालं. सुरुवातीला रोज फोन. चर्च दाखवायची, गल्लीतला बर्फ दाखवायची, तिनं केलेली पिठलं-भाकरी दाखवायची. मग एकदा म्हणाली, “आप्पा, हितले म्हातारे पुस्तकातलं बोलतच न्हाईत. ह्यांची बोली येगळीच हाय. आपली आज्जी कशी बोलायची, तसं. पुण्याच्या माणसाला आज्जीचं कळलं असतं का?”

मी हसलो. म्हटलं, मग त्या म्हाताऱ्यांना परत विचारत जा. ती म्हणाली, परत विचारलं की इथल्या बायका एकमेकींकडं बघतात.

त्यानंतर फोन लहान होत गेले. मी धंद्यात होतो. तिची आई म्हणायची, पोरीचा आवाज बसलाय. मी म्हणायचो, थंडी आहे तिकडं.

थंडी नव्हती. एका सकाळी ती एका म्हातारीला पलंगावरून उठवायला गेली. म्हातारी काहीतरी म्हणाली. मुलगी हसली आणि ‘या, या’ म्हणाली. म्हातारी पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्यानं. मुलगी पुन्हा ‘या’ म्हणाली आणि तिला धरून उभं केलं. म्हातारी उभ्या उभ्या कोसळली. कंबरेचं हाड मोडलं. नंतर कळलं, म्हातारी सांगत होती की आज पायात जीव नाही, मला उठवू नको.

हे मला मुलीनं सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “ती न्हाई म्हणत होती, आप्पा. आन् मी हो म्हणले.”

त्या दिवसापासून तिला माणसांजवळ जाऊ देत नाहीत. तळघरात धुलाईच्या यंत्रांपाशी बसवलंय, चादरींच्या घड्या घालायला. या शुक्रवारी तिथल्या मोठ्या बाई आणि ऑफिसची माणसं तिला समोर बसवून विचारणार आहेत की त्या सकाळी काय झालं. त्यावरून ठरणार, ठेवायचं की परत पाठवायचं. परत पाठवलं तर ठपका घेऊन येईल, म्हातारीला पाडणारी नर्स म्हणून. मग तिकडं नाही आणि इकडंही कुठल्या दवाखान्यात नाही. तिनं त्यांना सांगायला हवं की मला तुमची बोली कळली नव्हती, आणि कळलं नाही असं म्हणायचं नसतं, असं मला शिकवून पाठवलं होतं. एवढंच. पण ती सांगणार नाही. ती आता काही सांगतच नाही.

परवा फोन लावला. मागं यंत्रांची घरघर. तिच्या आईनं विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली. मी विचारलं, मी येऊ का तिकडं. हो. की तू येतेस परत. हो. की राहायचंय तिथंच. हो. मी मुद्दाम विचारलं, गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या विकून टाकू का. पूर्वी या प्रश्नावर तिनं मला फोनमधून चावलं असतं. हो म्हणाली. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. मला माझा बाप आठवला. मालकापुढं उभा असलेला.

मी पिकअप काढली आणि बीडला गेलो. क्लास चालू होता, बाक भरलेले होते. सरांनी पुन्हा खुर्ची दिली. मी बसलो नाही. झालं ते सगळं सांगितलं. माझा आवाज खाली मोबाइलच्या दुकानात ऐकू गेला असेल, पण मी शिवी दिली नाही. सर म्हणाले, मामा, शांत व्हा, असं होतं सुरुवातीला. मी म्हटलं, कुणाचं होतं? त्यांना मला समजवायचं होतं म्हणून ते बोलून गेले, “सगळ्यांचंच होतंय. ते म्हातारे कुणालाच कळत न्हाईत. मी गेलतो तवा मलाबी...”

आणि थांबले. बाकावरची पोरं वर बघायला लागली.

मी विचारलं, मग तुम्ही आईसाठी परत आलात ते? सर फळ्याकडं वळून पुसलेलाच फळा पुसायला लागले. मग हळू म्हणाले, “मलाबी धुलाईलाच बसिवलं व्हतं.”

आता बाजाराची रीत सांगतो, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल. शेळी विकताना विकणारा तिची तारीफ काय करायची ती करो, त्यात दहा थापा मारो, कुणी काही म्हणत नाही. पण जी खोड डोळ्यांना दिसत नाही ती त्यानं सांगायची. शेळी गाभ टाकते, करडाला पाजत नाही, आपलंच दूध पिते. हे शेळीच्या गळ्यातलं दावं हातात देण्याआधी बोलून दाखवायचं. ते न सांगता विकलं आणि उघडं पडलं, तर त्याला कुणी मारत नाही. ज्या झाडाखाली सौदा झाला, त्याच झाडाखाली चार लोकांसमोर त्यानं ते दावं पुन्हा आपल्या हातात घ्यायचं आणि शेळी परत न्यायची. मोठमोठे व्यापारी मी तिथं मान खाली घालून उभे राहिलेले बघितलेत. मुलीची गोष्ट शेळीवरून सांगतो म्हणून तिची आई माझ्यावर चिडते. पण मला दुसरा न्याय माहीत नाही.

मी सरांना विचारलं, “म्हाताऱ्यांचं बोलणं कळत न्हाई, ही खोड तुमाला ठाऊक व्हती. मग सांगितली कावून न्हाई?”

सर माझ्याकडं न बघता म्हणाले, “सांगितली असती तर हितं कोण आलं असतं, मामा?”

मी बाकांकडं वळलो. पहिल्या बाकावर एक मुलगी बसली होती, नर्सच्या कपड्यात, ड्युटीवरून थेट आलेली असावी. ती माझ्याकडं बघून हसत होती. चेष्टेनं नाही, शिकवल्यासारखं. माझ्या मुलीचं न्हाई तिच्यापासून कसं गेलं ते मला त्या हसण्यात दिसलं. तिनं न्हाई स्वतः टाकलं नव्हतं. सरांना स्वतःला तिकडं ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटली, आणि आता ते तीच लाज गावोगावच्या पोरींना शिकवत होते. माझ्या मुलीत जे सगळ्यात चांगलं होतं, त्यालाच ते खोड म्हणाले होते. आणि मी तिथं बसून चहा प्यालो होतो.

मी त्यांना एकच मागितलं. शुक्रवारी मुलीला समोर बसवतील तेव्हा फोनवर या. तुमची जर्मन शुद्ध आहे, त्या मोठ्या बाईंना ती कळेल. त्यांना सांगा की हिला हो म्हणायला मी शिकवलं. न कळलं तरी हस, असं मी शिकवलं. आणि तुमच्या म्हाताऱ्यांची बोली मलाही कळली नव्हती. तीन वाक्यं. माझ्या मुलीनं तुमच्यासमोर याहून अवघड वाक्यं पाठ केलीत.

सर म्हणाले, “हो, हो मामा. बघू. फोन करतो.”

त्यांचा फोन आलेला नाही. मी केला तर उचलत नाहीत. आज बुधवार आहे. मुलगी तळघरात चादरींच्या घड्या घालतेय आणि तिला कुणीही काहीही विचारलं तरी ती हो म्हणणार आहे. मुद्दाम केलंस का, असं विचारलं तरी हो म्हणेल, याची मला भीती वाटते. मला जर्मनमधले आकडे येतात आणि एक वाक्य येतं. तेवढ्यावर मी तिला सोडवू शकत नाही.

म्हणून सर, तुम्ही हे वाचाल तिथं वाचा, आणि शुक्रवारी बसा. तुमच्या क्लासमध्येच, भरलेल्या बाकांसमोर, फोन समोर ठेवून. दावं हातात घ्या. उत्तर तुम्ही द्यायचं आहे, तिनं नाही. येणार नसाल तर आत्ताच तोंडानं नाही म्हणा. तेवढं तरी माझ्या मुलीच्या कानावर घालीन, की नाही म्हणता येतं. पण मला पुन्हा ‘हो, हो’ म्हणू नका.