बूट घालायला बाप हवा

आमच्या गल्लीत मराठी घर एकच, आमचं. बाकी सगळी मेक्सिकन वस्ती. शिकागोत नवीन आलो तेव्हा भाडं परवडलं म्हणून इथे राहिलो, मग घर घेतलं आणि राहूनच गेलो. बरोबरची मराठी मंडळी एकेक करत नेपरव्हिलच्या उपनगरात गेली. गणपतीला तिकडे गेलं की कुणीतरी काकू हमखास विचारणार, "अगं, अजून तिथेच राहता? सेफ आहे का?" सेफ म्हणे! माझा पाय मोडला तेव्हा शेजारची बाई महिनाभर घरी सूप आणून देत होती. नेपरव्हिलहून फोनवर फुलांची चित्रं आली. तेव्हा सेफबिफ मला शिकवू नका.

ती शेजारीण एके दिवशी मागच्या दाराने आली. तिची मुलगी पंधराची होणार होती. यांच्यात मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाच्या तोडीचा थाट असतो. आधी चर्च, मग हॉल, जेवण, नाच. खर्च एकट्या आईबापाने करायचा नसतो. केक एकाने घ्यायचा, मुकुट दुसऱ्याने, गाणीबजावणी तिसऱ्याने. जी बाई असं काही अंगावर घेते ती मुलीची माद्रिना होते, म्हणजे मानलेली आईच म्हणा. मला वाटलं, मला निदान केक तरी सांगेल. तर ही म्हणते, "तुम्ही बूट घ्या."

माझं डोकंच फिरलं. जगाला केक, जगाला मुकुट, आणि मला वहाणा? आमच्यात चपला दाराबाहेर काढतात, मानाने हातात देत नाहीत. मी "बरं" म्हटलं आणि तोंड फुगवून बसले. तिच्या ते लगेच लक्षात आलं. पोट धरून हसली आणि म्हणाली, "अहो, बूटच तर सगळ्यात मोठे!" मग सांगितलं. मुलगी हॉलमध्ये साध्या सपाट चपला घालून येते. मधोमध खुर्चीवर बसते. बाप सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून तिच्या चपला काढतो आणि तिला जन्मातले पहिले उंच टाचांचे बूट घालतो. तिथे पोर मोठी होते. मग पहिला नाच बापाबरोबर. "केक कुणालाही सांगता येतो," ती म्हणाली. माझा सगळा ताठा तिथेच उतरला.

बूट आणायला आम्ही तिघी गेलो. मोतिया रंगाचे, साटिनचे घेतले. पोरगी दुकानात दोन पावलं चालली आणि माझा खांदा पकडून खिदळायला लागली. तिचा बाप छपरं घालायची कामं करायचा, गुडघे पार कामातून गेलेले. तो अंगणात गुडघ्यावर बसायची प्रॅक्टिस करायचा आणि पोरगी वरून ओरडायची, "उठता आलं नाही तर क्रेन मागवू का?" आमचे हे खिडकीतून बघून हसायचे. तेवढं बरं चाललं होतं.

मग त्या शरद ऋतूत बिनकागदाची माणसं धरायला आमच्या वस्तीत ते इमिग्रेशनवाले फिरायला लागले. तोंडाला फडकी, काळ्या काचांच्या गाड्या. माणसं कामाला जायची बंद झाली, बेकरीने शटर अर्धं खाली ठेवलं. शेजाऱ्याला त्यांनी कामावरच धरलं. तो छतावर होता. छतावरून उतरायला शिडी एकच. हे खाली उभे राहून वाट बघत बसले. कधीतरी उतरणारच ना माणूस! कुठल्या दुसऱ्या राज्यात नेऊन कोंडला. फोन कधी यायचा, कधी नाही.

पोरगी म्हणाली, मला काही नको, कॅन्सल करा. पण बापाने फोनवर बायकोला बजावलं, हॉल सोडायचा नाही, माझी पोर खुर्चीवर बसलीच पाहिजे. मग गुडघ्यावर बसणार कोण? त्याचे दोन्ही भाऊ बिनकागदाचे, घराचा उंबरा ओलांडत नव्हते. शेवटी शेजारीण आमच्या दारात आली. माझ्याकडे नाही, यांच्याकडे. "सेन्योर, तुमच्याकडे कागद आहेत. तुम्ही उभे राहाल का माझ्या मुलीसाठी?"

हे म्हणाले, "येस, येस, ऑफ कोर्स!"

तो ऑफ कोर्स मला पाठ आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायचं आमच्या माणसांच्या जिवावर येतं. भिडेखातर हो म्हणायचं आणि ऐन वेळी पाय मागे घ्यायचा. कित्येक बारशांना आणि मुंजींना यांनी हेच केलंय. पण ते बारसं होतं, मुंज होती. मी तिथल्या तिथे म्हटलं, "अहो, जमणार नसेल तर आत्ता सांगा. ती दुसरं कुणी बघेल." हे उखडले. "म्हणजे काय? माणुसकी आहे की नाही?"

पुढच्याच आठवड्यात माणुसकी फोनवर ऐकली. नेपरव्हिलचे मित्र पलीकडून म्हणत होते, आपण वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिलो, हे लोक रांग मोडून आले, तुझा काय संबंध? आणि आमचे हे इकडून म्हणतात, "नाही ना यार, हिचीच मैत्रीण आहे, मी आपला..." मी कुकरचं झाकण इतक्या जोरात आपटलं की फोन बंद झाला. संबंध काय म्हणे! या वस्तीत भाजी घेतली, केस कापले, गाडी बर्फात रुतली तेव्हा याच लोकांच्या हातांनी बाहेर काढली.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. यांनी सूट घातला, टाय बांधला. कोटाच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत अमेरिकन पासपोर्ट. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझ्याही पर्समध्ये होता. हॉलच्या दाराशी मला उतरवून म्हणाले, "तू हो पुढे, मी गाडी लावून आलोच."

आत अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. आलेल्या बहुतेक बायका, दार उघडलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. केक मात्र चार मजली. मधोमध खुर्ची मांडली, पोरगी तिच्यावर बसली, घेरदार निळा फ्रॉक चहूकडे पसरला. मी उशीवर बूट घेऊन बाजूला उभी. गाणं लागलं. संपलं. गाणं लावणाऱ्याने तेच परत लावलं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी उशी पोरीच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर पळाले.

हे गाडीतच. दारं लॉक, हात स्टिअरिंगवर. मी काच वाजवली तेव्हा चार बोटं खाली केली.

"ती काळी गाडी बघ," म्हणाले.

"फोटोग्राफरची आहे ती. चला."

"तुला काय माहीत? आत आले म्हणजे? पासपोर्ट काढेपर्यंत खाली पाडतात. माझ्याकडे बघून काय वाटणार त्यांना? मला या वस्तीतलाच समजतील."

"समजतील ना! त्या पोरीनेसुद्धा आपल्यातलाच समजून तुमच्यासाठी खुर्ची मांडलीय."

यांनी रुमालाने कपाळ पुसलं. खोटं का सांगू, त्या क्षणी मला कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच संताप आला. भीती मलाही होती. भीती तिथे कुणाला नव्हती? त्या आत बसलेल्या बायका काय शूर म्हणून आल्या होत्या?

"तू घाल ना बूट," हे म्हणाले. "तुला कोण काय म्हणतंय?" आणि काच वर गेली.

मी परत आत गेले. आईला मान हलवून काय ते सांगितलं आणि खुर्चीसमोर गुडघे टेकले. पहिली चप्पल काढली. पोरीचं पाऊल गार पडलं होतं. बूट चढवला, पट्टा लावला. मी वर बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. तिने माझं मनगट पकडलं आणि कुजबुजली, "त्यांनाही नेलं?"

दुसरं काही तिच्या मनात आलंच नव्हतं. पुरुष यायचा तो आला नाही, म्हणजे त्याला नेलं.

"नाही गं," मी म्हटलं. "कुणी नेलं नाही. बाहेर गाडीत बसलेत."

माझी मान वर होईना. शरमेने मी तिच्या पायाकडेच बघत राहिले. तिने मोठा श्वास सोडला, स्पॅनिशमध्ये देवाचे आभार मानले आणि दुसरा पाय पुढे केला.