शेपटाला बांधलेलं नाव

गाण्याचं शेवटचं कडवं आलं की तात्या बोट वर करायचे. ढोलकी थांबायची, आम्ही कोरसवाले गप्प. "आता नाव येतंय," असं बजावून ते स्वतःचं नाव गुंफलेली ओळ अशी मोकळ्या गळ्यानं सोडायचे, की आमच्या अंथुर्णे गावात विहारापुढं बसलेली म्हातारी माणसंही ताठ व्हायची.

जयंतीची गाणी रचणाऱ्यांची आमच्याकडं ही रीतच आहे. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात. ज्यांना कागदावर सही येत नव्हती, त्यांनी गाण्यावर केलेली ही सही.

तात्या दिवसा शिवणयंत्रावर बसायचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून त्यांची मला कायम एकच हाक. "काय बी. ए., गातूयास का नुसतंच तोंड हलवतूयास?"

पुढं कॅसेटचं पेव फुटलं. एकदा बारामतीत स्टँडसमोर आम्ही चहा पीत होतो, तर शेजारच्या दुकानात तात्यांचंच गाणं. गाणारा शहरातला, नावाजलेला. शेवटचं कडवं आलं. तात्यांचं बोट आपोआप वर गेलं. आणि त्यांच्या नावाच्या जागी त्या गायकाचं नाव आलं! कॅसेटच्या वेष्टनावर छापलं होतं, 'गीत : पारंपरिक'.

"पारंपरिक म्हंजी काय रं, बी. ए.?"

"कुणी रचलं ते ठाऊक नाही, असं."

"म्हंजी मेल्यालं मानूस. आरं, मी हितं च्या पितोय की!"

पुढं एका कार्यक्रमात तात्यांनी त्या गायकाला गाठलं. तो गोड हसला. "तात्या, गाणं समाजाचं असतं. नावाचा मोह बरा नव्हे."

"समाजाचं हाय, तर तुझं नाव कशापायी घातलं?"

 तरीही आमच्यातल्याच चार शिकल्यासवरल्यांनी त्या गायकाच्या बाजूनं माना डोलावल्या. मीही शिकलेलाच आहे, म्हणून सांगतो. ज्यांची नावं छापून येतात, त्यांनाच दुसऱ्याचा नावाचा मोह दिसतो. त्या माना आठवल्या की आजही माझं डोकं तडकतं.

तात्यांनी लिहिणं सोडलं. जयंत्या आल्या, गेल्या. कुणी विचारलं की म्हणायचे, "चोराच्या मापाचं शिवायला बसलो न्हाय मी."

रोज सकाळी गावामागच्या माळावर मात्र जायचे. तिथं कुसळांशिवाय भांडायला कुणी नाही म्हणून असेल. एका उन्हाळ्यात मी बरोबर होतो. अचानक एक टिटवी आमच्या डोक्यावर झेपावली. टिटिव, टिटिव! वर जायची, पुन्हा अंगावर यायची. तात्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. पुढ्यात उघड्या खड्यांवर अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. वर आडोसा नाही, खाली काडी नाही.

आम्ही मागं सरून बसलो. मेंढरांचा कळप आला, तिनं तोही वळवला.

"लोक हिला अपशकुनी म्हणतात," मी म्हणालो.

"म्हणू दे. बघ की, वरडती काय? सोताचं नाव. आन् आमी येडी! नाव शेपटाला बांधलं. शेपूट कापाया कितीसा येळ लागतो?"

तिथंच, मांडीवर ठेका धरून, त्यांनी नवं गाणं जुळवलं. 'उघड्या माळावर घर माझं, पाय जपून टाक गड्या,' असं कडव्यात. आणि नाव घातलं धृपदात, पहिल्याच शब्दाला. प्रत्येक कडव्यानंतर ते परत येणार. त्या नावाच्याच यमकावर सगळी कडवी बसवलेली.

"आता मुंडकं उडवल्याबिगर नाव निघायचं न्हाय," तात्या म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले.

तात्या गेले, त्याच्या पुढच्या जयंतीला मी बारामतीच्या त्याच दुकानात उभा होतो. नवी कॅसेट आली होती. त्यात हे गाणं होतं आणि वेष्टनावर पुन्हा तेच, 'गीत : पारंपरिक'. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कुणाचं गाणं हे?" मी दुकानदाराला दरडावून विचारलं.

"लिव्हलंय की त्यावर. कुणाचंच न्हाय."

"लाव."

त्यानं लावलं. तात्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, मुद्दाम. माझ्या कागदाची त्याला गरज नाही. त्या दिवशी स्टँडवरच्या सगळ्या गर्दीनं ते ऐकलं, प्रत्येक कडव्यानंतर. मी बोट वर करून उभा होतो, ते खाली घ्यायला सवडच मिळेना.